मालनताईची सुनावणी

मालन सातार्डेकरला आमच्या पूर्व उपनगरातले कबड्डीवाले मालनताई म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मुलुंड पूर्वेला राहते, बँकेत नोकरी करते, लग्न केलं नाही. घरी ती आणि तिची आई सुंदराबाई. एके काळी मालनताई राज्याच्या संघातून खेळली. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची, आणि तिने घोटा धरला की चढाई करणारी मध्यरेषेकडे हात लांबवत तिथेच संपायची. मी तिला खेळताना पाहिलेलं नाही. मी खेळायला लागले तोवर ती निवड समितीवर बसायला लागली होती. पुढे माझा गुडघा गेला, आणि मी संघटनेच्या बैठकांचं इतिवृत्त लिहायला लागले. त्यामुळे पुढचं बरंचसं मी त्या खोलीत बसून पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते तिने मला नंतर सांगितलं, तेही एका वेळी सगळं नाही.

आमची संघटना हौशी. कुणाला पगार नाही. सगळे नोकऱ्या सांभाळून रविवारी मैदानावर. पूर्वी कुणी खेळाडू पंचांशी भांडला, कुणी मारामारी केली, की सचिव फोन उचलायचे आणि क्लबला सांगायचे, त्याला वर्षभर बसवा. झाली शिक्षा. एकदा असाच एका पोराला बसवला आणि नंतर कळलं की मारामारी करणारा भलताच होता. वार्षिक सभेत मालनताई उभी राहिली. बँकेत युनियनच्या वतीने ती कर्मचाऱ्यांच्या बाजूने विभागीय चौकशीत बसायची, त्यामुळे तिला यातलं कळत होतं. ती म्हणाली, "ज्याच्यावर आरोप आहे त्याला निदान काय आरोप आहे ते तरी सांगा. त्याचं ऐका. मग काय ते ठरवा."

सभेतून कुणीतरी म्हणालं, "मग ताई, तुम्हीच करा ना हे."

तिने केलं. शिस्त समितीचे नियम तिने लिहिले. तक्रारीची प्रत आरोप असलेल्याला आधी द्यायची. त्याला सोबत माणूस आणता येईल. साक्षीदारांना तो स्वतः प्रश्न विचारू शकेल. जे खोलीत सर्वांसमोर आलं त्याच्यावरच निर्णय, बाहेर ऐकलेल्यावर नाही. निर्णयाची कारणं लेखी, आणि त्यावर वेगळ्या समितीकडे अपील. शिक्षा आदेशाच्या तारखेपासूनच मोजायची, मागची तारीख टाकायची नाही, कारण काही क्लब आपल्या लाडक्या खेळाडूची शिक्षा मागच्या तारखेने दाखवून संपवून टाकायचे. आणि पंचाच्या अंगावर धावून जाणाऱ्याला कमीत कमी एक स्पर्धा बाहेर, नुसती समज देऊन सोडायचं नाही. कार्यकारिणीने हे सगळं मंजूर केलं, एकच अट घालून. तिघांच्या समितीत एक जागा सचिवाची. आणि अध्यक्ष नसेल तर सचिव अध्यक्ष.

त्या वेळी ही अट कुणाला खटकली नाही. मालनताईलाही नाही.

घाटकोपरच्या मैदानावर महिलांचा उपांत्य सामना होता. रमाईनगरच्या संघाची तेजल हिवाळे शेवटची चढाई करायला गेली. संघ एका गुणाने मागे होता. तेजल ही घाटकोपरच्या वस्तीतली, उंच, वाऱ्यासारखी पोरगी. पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांसाठी तिची धडपड चाललेली. त्यासाठी जिल्हा संघात निवड हवी होती. तिने एका जादा गुणासाठी बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि परत आली. पाय रेषेपलीकडे पडला, असं मैदानाच्या त्या बाजूला बसलेल्या सगळ्यांना वाटलं. पंच होते काशीराम तुळसकर. त्यांनी बोनस दिला नाही. सामना गेला.

तेजल धावत काशीरामकाकांकडे गेली. हातवारे, आरडाओरड. काका मागे सरले आणि मॅटवरून खाली पडले. मनगट मोडलं. माणसं मैदानात घुसली. कुणी म्हणे तिने ढकललं, कुणी म्हणे मॅटची कड वर आली होती, तिला पाय अडकला.

काकांनी तक्रार दिली, की तिने मला ढकललं.

आता काशीरामकाका कोण ते सांगायला हवं. मालनताईचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपला येऊन राहिले, मिळेल ते काम करायचे आणि घरात कुणाशी बोलायचे नाहीत. काशीराम तुळसकर त्यांच्याच मालवणाकडच्या गावचे, त्याच गिरणीतले. संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवायचे. मालन कुंपणापाशी उभी राहून बघायची. काकांनी तिला आत बोलावलं. बापाने पाय मोडीन म्हटलं, तर काका रोज घरी येऊन बसायचे, चहा प्यायचे, आणि जाता जाता विषय काढायचे. बापाने शेवटी कंटाळून होकार दिला. खेळामुळे तिला बँकेत जागा मिळाली. ते घर, आईचं औषधपाणी, सगळं त्या जागेवर उभं आहे. बाप गेला तेव्हा खांदा द्यायला काका पुढे होते.

तक्रार आली त्या आठवड्यात सचिव सिद्धेश नाटेकर बँकेत आला. सिद्धेश चाळिशीचा, गोड बोलणारा, कामाला वाघ. मैदानाची परवानगी, मॅट, रुग्णवाहिका, सगळं तोच जमवतो. त्याच्याशिवाय आमची एक स्पर्धा होणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आणि त्यालाही.

"ताई, तीन वर्षं," तो म्हणाला. "म्हाताऱ्या पंचाचा हात मोडलाय. पंच लोक म्हणतायत, शिक्षा झाली नाही तर आम्ही उभे राहणार नाही. सुनावणी काय, तुमच्या नियमाप्रमाणे करू ना. अर्धा तास."

"अर्ध्या तासात होईल की नाही ते सुनावणीत कळेल," मालनताई म्हणाली. "आणि मी बसणार नाही. काका मला घरच्यासारखे आहेत. नियम आहे, जवळचा माणूस असेल तर बाजूला व्हायचं."

सिद्धेश हसला. "चालेल की. मग मी अध्यक्ष. धम्मपाल आहेच दुसरा. दोघांत मतं वेगळी पडली तर अध्यक्षाचं मत."

तो गेल्यावर, ती म्हणाली, समोर खातेदार उभा होता आणि तो काय विचारतोय ते तिला दोनदा विचारावं लागलं.

सरळ उठावं तर खुर्ची सिद्धेशची, म्हणून तिने दोन्ही बाजूंना लिहून कळवलं: तक्रारदार माझे गुरू आहेत, मी बसू नये असं कुणाचं म्हणणं असेल तर मी बाजूला होते. काकांकडून उत्तर येणार नाही हे तिला माहीतच होतं. तेजलकडून हरकत येईल, असं तिला वाटत होतं. खरं तर तिला ती हवी होती. समितीत तिसरा धम्मपाल शेजवळ, मरोळच्या कारखान्यात सुपरवायझर, जुना खेळाडू, सरळ माणूस. पण लोक काय बोलत होते ते आम्हाला ऐकू येत होतं. रमाईनगरचे म्हणत होते, मालवणी पंच, मालवणी सचिव, मालवणी अध्यक्ष, आणि पोरगी आमची. दुसऱ्या बाजूला बोलत होते, धम्मपाल आपल्या माणसाला सोडवणार. मालनताईने काहीही ठरवलं तरी त्याचं कारण लोकांकडे आधीच तयार होतं.

तेजलच उत्तर द्यायला आली, प्रशिक्षक आकाशला घेऊन. संघटनेच्या बैठका होतात त्या व्यायामशाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्ही बसा."

"का? ते माझे गुरू आहेत हे वाचलंस ना?"

"वाचलं. तुम्ही उठलात तर सिद्धेश सर बसणार. त्यांनी मला आधीच बसवलंय."

"म्हणजे?"

आकाश म्हणाला, "फोन आला होता सरांचा. सुनावणी होईपर्यंत हिला खेळवू नका म्हणाले. दोन स्पर्धा गेल्या आमच्या. लेखी काही नाही."

मालनताई म्हणाली, "मी बसले तर तुला सोडायला बसणार नाही हां."

"माहितीये," तेजल म्हणाली. "तुम्ही फक्त ऐका."

त्या दिवशी आम्ही दोघी घाटकोपर स्टेशनपर्यंत चालत गेलो. मालनताई वाटेत फक्त एकदा बोलली. "माधुरी, या पोरीने मला जाऊ दिलं असतं तर बरं झालं असतं गं."

सुनावणीच्या आधी एका संध्याकाळी काशीरामकाका मुलुंडला आले. बेल वाजली, तिने दार उघडलं. काका जिन्याच्या कठड्याला धरून उभे, डावा हात प्लास्टरमध्ये. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुंदराबाई, मालन इली काय?"

ती म्हणाली, "काका, मीच आहे."

"हां हां. काळोख आसा हय." जिन्यातला दिवा चालू होता.

तिला तिथेच कळलं. मागचंही सगळं आठवायला लागलं. मागच्या वेळी चहाचा कप घेताना त्यांचा हात कपाच्या बाजूने गेला होता आणि आई हसली होती. लग्नाच्या हॉलमध्ये त्यांनी दोनदा भलत्याच माणसाला हाक मारली होती. आम्हा सगळ्यांनाच थोडं थोडं कळत होतं, खोटं का बोला. मान म्हणून त्यांना सामने द्यायचे, आणि एखादा निर्णय चुकला तर जाऊ दे म्हणायचं.

"काका," ती दारातच उभी राहिली, "सुनावणी होईपर्यंत तुम्ही इथं यायचं नाही. मला तुमच्याशी बोलता येणार नाही."

"मी बोलूक इलंय काय? मी चाय पिऊक इलंय गो."

"चहासुद्धा नको."

काका वळले आणि कठड्यावर हात फिरवत एकेक पायरी उतरायला लागले. हात धरून त्यांना खाली सोडायला जावं, असं तिला वाटलं. पण कुणी पाहिलं असतं तर? तेजलच्या क्लबचा एक मुलगा समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. ती दारात उभी राहून पावलं ऐकत राहिली, ते खाली पोचेपर्यंत.

सुंदराबाई आतून बाहेर आली. "कोण इललो?"

"काशीरामकाका."

"आणि तू त्येका दारातसून परत धाडलंस?" आईचा आवाज चढला नाही. "त्येना तुझ्या बापाशीक समजावल्यान नसता, तर आज तू खंय आसतंस?"

मालनताईने नियम समजावायचा प्रयत्न केला. आई ऐकत होती की नाही कळलं नाही. रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने मुलीशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली.

सुनावणी रविवारी सकाळी, व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत. खोली लहान, एका भिंतीला ढालींचं कपाट, खिडकीबाहेर पत्र्याची शेड आल्यामुळे ती उघडत नाही. टेबलामागे तिघं, मी कोपऱ्यात, समोर एका बाजूला तेजल आणि आकाश, दुसऱ्या बाजूला काका. काकांच्या सोबत कुणी नव्हतं.

मालनताईने सुरुवातीलाच सांगितलं, "तक्रारदार माझे गुरू आहेत. दोन्ही बाजूंना हे कळवलंय, कुणाची हरकत आलेली नाही. माधुरी, लिही." मग तिने तक्रार मोठ्याने वाचली. आकाशने सरांच्या फोनचं आणि गेलेल्या दोन स्पर्धांचं सांगितलं, सिद्धेशने ते नाकारलं नाही, मी लिहून घेतलं.

मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. ते मागून काढलेलं होतं. तेजलची पाठ, काकांचा खांदा, मग काका दिसेनासे होतात. हात लागला की नाही, हे दहा वेळा बघूनही कुणाला सांगता आलं नसतं. एवढंच दिसत होतं, की ती त्यांच्या उजव्या बाजूने आली.

सिद्धेश म्हणाला, "पंचांचा शब्द आहे. आणखी काय पाहिजे?"

"तिचे प्रश्न व्हायचेत," मालनताई म्हणाली.

तेजल उभी राहिली. "काका, मी बोनस रेषा ओलांडली ते तुम्हाला दिसलं नाही का?"

"बोनसचा विषय नाही," सिद्धेश लगेच म्हणाला. "पंचाचा निर्णय अंतिम. अध्यक्ष, हा प्रश्न काढा."

सगळे मालनताईकडे बघायला लागले. ती मला नंतर म्हणाली, त्या क्षणी सिद्धेशचं बरोबर होतं. बोनस हा विषयच नव्हता. तो प्रश्न नियमाने काढता आला असता, आणि काका वाचले असते. पण आपण तो काकांना वाचवायलाच काढणार हे तिला स्वतःलाच कळत होतं, म्हणून तिला तो नुसता काढून टाकता येत नव्हता.

"बोनसचं विचारू नकोस," ती तेजलला म्हणाली. "तू त्यांच्याकडे गेलीस तेव्हा त्यांनी काय पाहिलं, ते विचार."

तेजलने विचारलं, "मी तुमच्याकडे कुठून आले?"

"समोरसून," काका म्हणाले.

चित्रण सगळ्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

"माझ्या टी-शर्टवर नंबर काय होता?"

"नंबर कोण बघता?"

"मग मीच होते हे कसं कळलं?"

"आवाजावरून," काका म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

धम्मपालने अगदी हळू विचारलं, "काका, तुम्हाला ती दिसली होती का?"

काशीरामकाका मालनताईच्या दिशेने वळले. नेमकं तिच्याकडे नाही, थोडं बाजूला. म्हणाले, "मालनी, तुका ठावक आसा. तूच सांग ह्यांका."

मी लिहायचं थांबले. सिद्धेश टेबलावर पुढे झुकला. मालनताईला हे आधीच माहीत होतं, ते आता सगळ्यांना कळलं होतं. ती हो म्हणाली असती तर बाहेर पाहिलेलं खोलीत आणलं असतं, आणि साक्षीदार झाली असती. नाही म्हणाली असती तर खोटं.

"मला जे ठाऊक आहे ते इथं चालत नाही, काका," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तेवढंच चालतं. आणि नाही सांगायचं तर नका सांगू. तसं लिहिलं जाईल."

आकाशने पाण्याची बाटली काकांसमोर ठेवली आणि झाकण उघडून त्यांच्या हातात दिली.

"उजव्या डोळ्यान दिसणा नाय," काका म्हणाले. "साखरेमुळा. डाव्यान दिसता, पण बारीक नाय दिसणा. डॉक्टर म्हणता आता तां परत येवचा नाय." मग त्यांनी मान वर केली. "पण हात लागलो माका. तां मी खोटा सांगणंय नाय. हात लागलो."

मालनताईने तेजलकडे वळून विचारलं, "तुझं म्हणणं?"

तेजल रडत होती. "मी हात वर केला होता. लागला असेल तर मला कळलं नाही. मी ढकललं नाही, ताई. पण मी धावून गेले. आणि मी त्यांना आंधळा म्हणाले. चार वेळा म्हणाले. मला माहीत नव्हतं."

काका म्हणाले, "तां मी ऐकलंय."

सगळ्यांना बाहेर पाठवून तिघं बोलायला बसले. मी होतेच.

"तीन वर्षं," सिद्धेश म्हणाला. "हात लागला, ते म्हणतायत."

"तू ऐकलंस की नाही?" धम्मपाल चिडला. "त्यांना दिसतच नाही. पोरीला सोडून द्यायचं, विषय संपला."

"ढकललं हे सिद्ध होत नाही," मालनताई म्हणाली. "पण पंचावर धावून गेली आणि शिव्या दिल्या, हे तिने स्वतः कबूल केलंय. त्याला कमीत कमी एक स्पर्धा."

"ताई, पुढची स्पर्धा कुठली माहितीये ना तुला?" धम्मपालने विचारलं.

तिला माहीत होतं. पुढची स्पर्धा म्हणजे जिल्हा निवडीची.

"दोन स्पर्धा ती आधीच बाहेर बसलीये," धम्मपाल म्हणाला. "ते धर ना त्यात."

"आदेशाच्या तारखेपासून मोजायचं, असा नियम आहे."

"कोणी केला नियम?"

"मी."

"मग मोड की. एकदा."

मालनताईने नियमांचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "मी आज हिच्यासाठी मोडला, तर उद्या हा," तिने सिद्धेशकडे बोट केलं, "कुणासाठीही मोडेल. आणि तेव्हा माझ्याकडे बोलायला तोंड नसेल."

सिद्धेशने खांदे उडवले. तो खूश दिसत होता, आणि नव्हताही.

निर्णय तिने स्वतःच्या हाताने लिहिला. ढकलल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. धावून जाणं आणि अपशब्द मान्य. एक स्पर्धा बाहेर. आणि खाली तिने आणखी एक परिच्छेद लिहिला, जो वाचून सिद्धेश उठून उभाच राहिला. खेळाडूला लेखी आदेशाशिवाय, सचिवांच्या फोनवरून, दोन स्पर्धा बाहेर ठेवण्यात आलं. ते या शिक्षेत धरण्याचा अधिकार या समितीला नाही. अपील समितीने याचा विचार करावा.

"हे इथं कशाला?" सिद्धेश म्हणाला.

"खोलीत आलं म्हणून. आकाशने सांगितलं, तू नाकारलं नाहीस."

"ताई, उद्या मैदानाची परवानगी कोण आणणार?"

"तूच. तुझं काम तू चांगलं करतोस."

धम्मपालने सही केली, जरा नाराजीने. सिद्धेशने विरोधी मत नोंदवून सही केली. तेजलला आत बोलावून मालनताईने निर्णय वाचून दाखवला, प्रत तिथल्या तिथे हातात दिली, आणि सांगितलं, "अपील कर. माझ्या निर्णयाविरुद्ध. आजच कर."

तेजल कागदाकडे बघत होती. "म्हणजे मी निवडीला नाही."

"अपील लवकर लागलं तर असशील."

"आणि नाही लागलं तर?"

मालनताईने अपिलाचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. तेजल म्हणाली, "तुम्ही ऐकलंत, ताई. ऐकून घेऊन तेच केलंत." आणि ती गेली.

काकांना खाली न्यायला आकाश पुढे झाला. ज्या पोरीवर तक्रार होती तिच्याच माणसाचा हात धरून काका जिना उतरले. मालनताई टेबलापाशीच बसून होती.

अपिलाचा निकाल तेजलच्या बाजूने लागला. बाहेर बसवलेल्या दोन स्पर्धा शिक्षेत धरायला हव्या होत्या, असं अपील समितीने लिहिलं, आणि सचिवाला ताकीदही दिली. पण तोवर जिल्ह्याची निवड होऊन गेली होती. तेजल एका वर्षाने मागे पडली. ती अजून खेळते, पूर्वीपेक्षा जास्त चिडून. मालनताई समोर आली तर वाकून नमस्कार करते, कारण सगळे करतात, आणि पुढे जाते.

काशीरामकाकांना सामने देणं बंद झालं. तसा ठराव कुणी केला नाही, यादीत त्यांचं नाव येईनासं झालं एवढंच. ते मुलुंडला पुन्हा गेले नाहीत. सुंदराबाई एकदा एकटीच रिक्षा करून भांडुपला त्यांना भेटून आली. काय बोलणं झालं ते तिने मुलीला सांगितलं नाही, आणि मालनताईने विचारलंही नाही.

मालनताईने राजीनामा लिहिला होता. मला दाखवला. मी म्हटलं, "दे. किती सोसशील?" ती तो घेऊन सिद्धेशकडे गेली. सिद्धेशने वाचला आणि अगदी प्रेमाने परत केला. "ताई, तुमची मर्जी. तुम्ही उठलात की मी अध्यक्ष. पुढच्या महिन्यात पुरुषांच्या गटातली मारामारीची दोन प्रकरणं आहेत, मी बघून घेतो." तिने कागद पर्समध्ये ठेवला. रस्त्यात मला म्हणाली, "या खोलीला दार आहे गं, पण ते उघडलं की आत कोण शिरणार ते मला माहितीये." आणि पुढच्या सुनावणीच्या नोटिसा मला टाइप करायला दिल्या.

परवाच्या रविवारी घाटकोपरला सामने होते. काशीरामकाका प्रेक्षकांत बसले होते, नातवाने आणून बसवलं होतं. मी त्यांच्या शेजारी. माझ्या दुसऱ्या बाजूला तीन खुर्च्या सोडून मालनताई. तेजल चढाईला गेली तशी काका माझ्याकडे झुकले. "कोण गेला गो?"

"तेजल," मी म्हटलं.

"काय केल्यान?"

"बोनस घेतला. पाय चांगला आत होता. पंचांनी दिला."

ते मान हलवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मालन इलीसा काय?"

"आहे. इथेच बसलीये."

मालनताई ऐकत होती. ती मैदानाकडेच बघत राहिली. काका काही बोलतील म्हणून मी थांबले. "बरा," ते म्हणाले, आणि परत झुकून विचारलं, "गुण किती झाले?"